घर अडतं कुठे?

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला काढलेल्या माणसाची पहिल्या दोन महिन्यांत निराशाच होते. रोज साइटवर जावं आणि खड्डे पाहून परत यावं. खोदाई, पीसीसी, लोखंडाच्या जाळ्या, फुटिंग आणि मग तेच खड्डे पुन्हा बुजवायचे. पैसा जमिनीत जातो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. मग एकदाचं जोतं होतं, वीटकाम सुरू होतं आणि आठ-पंधरा दिवसांत भिंती लिंटेलला टेकतात. फोटो पाहून नातेवाईक ‘झालंच की आता!’ म्हणतात. मालकही मनातल्या मनात वास्तुशांतीची तारीख धरून टाकतो. स्लॅब पडतो, पेढे वाटले जातात आणि त्यानंतर घर जे अडतं, ते महिनोन् महिने हलत नाही.

याचं कारण साधं आहे. सांगाडा उभा राहीपर्यंत गवंडी, सेंट्रिंगवाला आणि फिटर एवढ्यांतच काम भागतं. पुढे मात्र प्लंबर, इलेक्ट्रिशियन, प्लास्टरवाला, वॉटरप्रूफिंगवाला, फरशीवाला, सुतार, ग्रिलवाला आणि रंगारी यांची रांग लागते. प्रत्येकाचं काम आधीच्यावर अवलंबून असतं आणि प्रत्येकाच्या हातात आणखी तीन साइट असतात. त्यात मालकानं फरशी ठरवलेली नसते. म्हणून घर बांधताना जीव लावायचा तो दोनच गोष्टींना. एक, पुढे झाकली जाणारी कामं झाकण्याआधी तपासणं. दुसरी, निर्णय वेळेआधी घेणं. भिंती किती चढल्या, हे पाहायला शेजारी असतातच.

कामाचं कॅलेंडर पंचांगापेक्षा पावसावर बेतावं. महाराष्ट्रात दसरा-दिवाळीच्या सुमारास खोदाई करावी, जानेवारीपर्यंत जोतं आणावं आणि मेच्या मध्याआधी वरचा स्लॅब टाकून मोकळं व्हावं, हे गणित सर्वांत सोयीचं. मग जून-जुलैत छपराखालची कामं चालू राहतात आणि पहिल्याच पावसात गळतीही कळते. याच कॅलेंडरवर मजुरांचे दिवसही मांडून ठेवावेत. परराज्यांतले मजूर होळीला आणि दिवाळी-छठला गावी जातात. ते ‘आठ दिवसांत येतो’ म्हणून जातात आणि महिन्यानं उगवतात. इथले मजूर पेरणीला, सुगीला आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत मिळत नाहीत. याला अडचण म्हणून काही उपयोग नाही, हे दरवर्षीचं आहे. वेळापत्रकात हे दिवस आधीच वजा केले, तर निम्मी चिडचिड कमी होते.

जमिनीच्या कागदांवर वेगळा लेख होईल, पण घर अर्ध्यात अडकवणाऱ्या तीन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घेताना सातबाऱ्यावर नाव सामाईक क्षेत्रात लागलं असेल, तर बँक कर्जाला कां-कूं करते. दुसरी गोष्ट मोजणीची. भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम करून घेतल्याशिवाय कुदळ मारू नये. शेजाऱ्याची हरकत कुंपणावर येत नाही, ती नेमकी जोत्यावर येते. तिसरी पूररेषेची. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. निळ्या रेषेच्या आत नव्या घराला परवानगी नसते, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात ती अटींवर मिळते. सांगली-कोल्हापूरकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर पाहिले. या रेषा म्हणजे कागदावरची कटकट आहे, असं तिथे आता कुणी म्हणत नाही.

पाया किती खोल घ्यायचा, हा प्रश्न शेजारच्या घराकडे पाहून सोडवायची आपल्याकडे पद्धत आहे. ‘त्यांनी पाच फूट घेतला, आपणही पाच घेऊ.’ काळ्या मातीत हा हिशेब अंगाशी येतो. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेवला, तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. कडक मुरूम लागेपर्यंत खोदायचं, की मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं माती तपासून ठरवावं. त्याची फी एकूण खर्चात किरकोळ असते आणि लोक नेमकी तीच वाचवतात. जोत्यात भराव टाकतानाही खोदून निघालेली काळी माती पुन्हा आत लोटू नये. मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून धुमस करून घ्यावा. हे काम घाईत उरकलं, तर पुढे आतली फरशी खचते आणि दोष फरशीवाल्याच्या माथी येतो. वाळवीची फवारणीही याच टप्प्यावर करायची असते. नंतर ती करायला फरशीला भोकं पाडावी लागतात.

लाइन-आउटच्या दिवशी मालकानं स्वतः टेप धरावी. आराखडा ३० बाय ४० फुटांचा असेल, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट यायला हवेत. एक ५० आणि दुसरा साडेपन्नास आला, तर घर गुण्यात नाही. हा अर्धा फूट आज खुंटी सरकवून जातो. नंतर तो प्रत्येक खोलीत तिरक्या कापलेल्या फरशीच्या रूपानं दिसत राहतो.

ठेकेदाराशी भांडण दरावरून क्वचित होतं, ते होतं मापावरून. ‘लेबर रेट इतके रुपये फूट’ एवढ्या तोंडी बोलीवर कामं सुरू होतात आणि पहिलं बिल आलं की कळतं, की छज्जा, गॅलरी आणि जिन्याचं माप वेगळं धरलंय. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, पॅरापेट आणि कंपाउंड हे ‘एक्स्ट्रा’ आहे. स्लॅबवर पाणी मारायला माणूस कुणाचा? परांचीचे बांबू कुणाचे? सेंट्रिंगच्या प्लेटा स्लॅबखाली जास्त दिवस राहिल्या, तर त्याचं भाडं कुणावर? रात्री उतरलेलं सिमेंट आत कोण घेणार? ही सगळी उत्तरं करारात मराठीत, साध्या वाक्यांत लिहून स्टॅम्पपेपरवर सह्या कराव्यात. पैसे टप्प्यांनी द्यावेत आणि दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या नेहमी थोडी मागे असावी. उचल देणं टाळता येत नाही, पण ती त्या आठवड्याच्या मजुरीपुरतीच द्यावी. ठेकेदाराकडे पुढच्या टप्प्याचे पैसे आधीच पोहोचले, की त्याचे कारागीर दुसऱ्या साइटवर दिसू लागतात.

साहित्याचा ढोबळ अंदाज मालकाच्या डोक्यात असावा. साध्या आरसीसी घराला हजार चौरस फुटांमागे चारशेच्या आसपास पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन लोखंड लागतं, असा कामावरचा ठोकताळा आहे. इंजिनिअरचा आकडा यापेक्षा फारच वेगळा असेल, तर कारण विचारावं. लोखंडाचं वजन पडताळणं तर अगदीच सोपं आहे. गजाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ नं भागलं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमचा गज मीटरला ०.८९ किलो भरतो, म्हणजे १२ मीटरचा एक गज साधारण पावणेअकरा किलोचा. बंडल काट्यावर घालून गज मोजले, की फरक तिथेच कळतो. सिमेंट मात्र लागेल तसंच आणावं. तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याचा जोर कमी झालेला असतो, आणि पावसाळ्यात तर त्याहून लवकर.

आता स्लॅबचा दिवस. या एका दिवसावर घराची पुढची पन्नास वर्षं उभी असतात आणि नेमका याच दिवशी मालक नारळ, हार आणि संध्याकाळच्या जेवणाच्या गडबडीत असतो. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे ४.२ ब्रास काँक्रीट. एम-२० च्या मिश्रणात, म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणात, त्याला शंभराच्या आसपास पोती जातात, बीम वेगळे. मिक्सर सकाळी सात-आठला धडधडायला लागतो आणि तो सुरू झाला, की कुणी थांबवू धजत नाही. माणसं रोजावर असतात, लिफ्टचं भाडं चालू असतं आणि माल ओतला जात असतो. म्हणूनच इंजिनिअरची तपासणी आदल्या दिवशी दुपारी, उजेडात व्हायला हवी. स्लॅबच्या सकाळी त्यानं एखादी चूक दाखवली, तर सगळे मिळून त्याचीच समजूत घालतात.

आदल्या दिवशी पाहायचं काय? स्लॅबच्या गजांखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आहेत का. कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर कव्हर लागतं, पण ते त्या त्या वेळीच पाहायचं. बीमच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली आहेत, की नुसती काटकोनात मुडपून सोडली आहेत? मुडपलेली रिंग भूकंपात उघडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली. घरं मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि जड छपरांची होती, आरसीसीची नव्हती, हे खरं. पण त्या वेळच्या भूकंपनकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही खरं. तेव्हा ‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ हे वाक्य रिंगवाल्यापुढे मान्य करू नये. शिवाय टेकूंखाली फळी आहे की ते थेट मातीवर उभे आहेत, पंख्याचे बॉक्स बसलेत का, विजेच्या पाइपांची तोंडं बंद केलीत का आणि बाथरूमचा खोलगट भाग सोडलाय का, हेही पाहून घ्यावं.

प्रत्यक्ष स्लॅब चालू असताना मालकानं एकाच जागी उभं राहावं, मिक्सरजवळ. काँक्रीट बिघडतं ते पाण्यानं. एम-२० च्या ठरीव मिश्रणात एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी धरतात, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून वरून आरोळी येते, ‘पाणी सोड रे जरा!’ आणि मिक्सरवाला डबा उपडा करतो. तिथेच स्लॅबची ताकद जाते. पाण्याचा डबा मापाचा ठेवावा आणि तो कुणी भरायचा, हे सकाळीच ठरवावं. वर व्हायब्रेटरची निडल चालवणारा माणूस कॉलम-बीमच्या सांध्यावर थांबतोय ना, हे इंजिनिअरच्या माणसानं पाहावं. व्हायब्रेटर बंद पडतोच, दुसरा तयार असावा. आधारांवरचे वरच्या बाजूचे गज माणसांच्या पायांनी खाली दबतात. ते उचलून धरायला एक माणूस वेगळा नेमला, तर तो पैसा वाया जात नाही. चालू मालातून १५ सेंटिमीटरचे क्यूब भरून घ्यावेत, ७ आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये फोडून ताकद कळते. घरगुती कामावर क्यूब भरताना पाहून गवंडी हसतात. हसू द्यावं.

स्लॅबखालचे टेकू काढण्याची घाई सगळ्यांनाच असते, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर जायच्या असतात. भारतीय मानकानुसार, साध्या ओपीसी सिमेंटसाठी, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे असतात. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. आज घरांना सहसा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, वापरतात. त्याला सुरुवातीची ताकद उशिरा येते, म्हणून दिवस वाढवूनच धरावेत. पाणीही त्याला किमान १० दिवस मारावं लागतं. स्लॅबवर सिमेंटचे बारीक वरंबे घालून तळी करून ठेवली, की काम भागतं. कॉलमवर मात्र पाणी टिकत नाही, तिथे गोणपाट गुंडाळून ओलं ठेवावं. टँकरचा खर्च याच दिवसांसाठी बाजूला काढलेला असावा.

सेंट्रिंग काढल्यावर मोठमोठे लोकही हबकले आहेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात वास्तुकार फ्रँक लॉइड राइटनं कौफमन कुटुंबासाठी धबधब्यावर बांधलेलं ‘फॉलिंगवॉटर’ जगप्रसिद्ध आहे. १९३०च्या दशकात त्याचं काम चालू असताना मालकाच्या इंजिनिअरांना पुढे झेपावलेल्या गच्च्यांबद्दल शंका होती आणि त्यात जादा लोखंड गुपचूप घातलं गेलं. तरीही आधार काढताच मुख्य गच्ची पावणेदोन इंच खाली आली. पुढे ती झुकतच राहिली आणि २००२ मध्ये पोलादी केबलनं ताणून तिला सावरावं लागलं. खर्चाचं म्हणाल, तर तीस-पस्तीस हजार डॉलरांत होईल म्हटलेलं काम पाहुण्यांच्या घरासकट एक लाख ५५ हजारांवर गेलं. आपल्या साइटवरचं बजेट वीस टक्क्यांनी फुगलं, तर त्यात अब्रू गेली असं मानू नये. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के ‘अनपेक्षित’ म्हणून आधीच धरावेत आणि ते मॉड्युलर किचनवर उडवू नयेत.

स्लॅबनंतरचा रेंगाळलेला काळ कमी करायचा, तर निर्णयांचा क्रम उलटा लावावा. स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. फ्रिज कुठे, गिझर कुठे, वॉटर प्युरिफायर कुठे, मिक्सर ओट्याच्या कोणत्या टोकाला, ओट्याची उंची घरातल्या बाईच्या उंचीला सोयीची आहे का, हे सगळं वीटकाम संपायच्या आत ठरायला हवं. कारण भिंतीत खाचा मारून पाइप टाकणं प्लास्टरआधीच व्हायचं असतं. प्लास्टर झाल्यावर सुनेला सुचतं की चिमणी पलीकडच्या भिंतीला हवी. मग भिंत फुटते, ठिगळ पडतं आणि रंगातूनही ते दिसत राहतं. फरशीची जाडी ठरल्याशिवाय चौकटींची आणि उंबऱ्याची पातळी ठरत नाही. खिडक्यांचं ॲल्युमिनियम की लाकूड हे ठरल्याशिवाय गिलाव्याच्या कडा संपत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून खोलीवार यादी करावी आणि त्यानंतर बदल सुचवणाऱ्यानं खर्चही सांगावा. हा नियम घरात लागू करणं ठेकेदाराला सांभाळण्यापेक्षा अवघड आहे.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढावेत. पाइप जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती, हे त्यात दिसायला हवं. पाच वर्षांनी फोटोफ्रेमसाठी ड्रिल मारताना हेच फोटो उपयोगी पडतात. गावाकडे घर बांधणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांना, किंवा परदेशात बसून आईवडिलांसाठी घर बांधणाऱ्यांना, तर ही शिस्त दुप्पट लागते. ‘काम कसं चाललंय’ असं विचारून ‘मस्त’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘उद्या कव्हर ब्लॉकचा फोटो पाठव, बाजूला टेप ठेव’ असं सांगावं. आणि ठेकेदाराच्या ओळखीतला नसलेला इंजिनिअर प्रत्येक टप्प्याला एकदा तरी प्रत्यक्ष पाठवावा.

गळतीशी तर मोठ्यांचीही गाठ पडलेली आहे. पॅरिसजवळ पॉयसी इथे ल कॉर्बुझिएनं १९३१ साली पूर्ण केलेलं व्हिला साव्हाय आधुनिक वास्तुकलेचं तीर्थक्षेत्र मानतात. त्या घराच्या मालकीणबाई पाऊस आत येतो म्हणून वास्तुकाराला तक्रारीची पत्रं पाठवत होत्या. आपल्याकडे सपाट गच्ची गळायला लागली, की वर पत्र्याची शेड चढते. महाराष्ट्रातली निम्मी गावं वरून पाहिली तर निळी दिसतात, ती त्यामुळेच. कोकणात तर उतरतं छप्पर आधीच धरावं. एवढ्या पावसात सपाट गच्चीचा हट्ट कशाला? देशावर सपाट गच्ची ठेवायची असेल, तर कोब्याला पन्हळांकडे नीट उतार द्यावा आणि पॅरापेटच्या सांध्यात गोलाई करून घ्यावी. बाथरूमला फरशी बसवण्याआधी खोलगट भागात दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवावं आणि खालच्या खोलीतून छत पाहावं. फरशीवाला ‘कशाला, नवीनच तर आहे’ म्हणेल. ओल दिसली, तर आज दुरुस्ती एका दिवसाची आहे.

पैसा अडतो तेव्हा काम हमखास थांबतं, आणि बँकेचा हप्ता काम झाल्यावर येतो, आधी नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर अशा टप्प्यांनी पाहणी होऊन पैसे सुटतात. म्हणून पुढच्या टप्प्याचं साहित्य उचलायला हातात रोकड लागते. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकतं. उरलेला वाटा सहसा आधी मालकाकडूनच घालून घेतात. दागिने मोडायची वेळ आली, तर ती सुरुवातीला येते. काम फार लांबवणंही महाग पडतं. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं. नाहीतर ती तीस हजारांवर येते.

मंजूर नकाशात चालू कामात केलेले बदल शेवटी बाहेर येतात. ‘गॅलरी दोन फूट पुढे घेऊ, कोण बघतंय’ म्हणत सामासिक अंतरात शिरलेलं बांधकाम भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी आडवं येतं. बदल खरोखर हवाच असेल, तर सुधारित नकाशा तेव्हाच सादर करावा. घर पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्राचा अर्ज वास्तुशांतीच्या पत्रिकांआधी टाकावा. लोक पाहुणे जेवून गेल्यावर तो विसरतात आणि घर विकायच्या वेळीच त्यांना तो आठवतो.

ठेकेदाराचा शेवटचा पाच टक्के हिशेब पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा आणि हे करारातच लिहावं. मागाहून सांगितलं तर तो अपमान समजतो. ऑक्टोबरात त्याला घेऊन गच्चीवर चढावं, खिडक्यांचे छज्जे आणि बाथरूमखालची छतं पाहावीत, भेगांवर पेन्सिलीनं तारीख घालावी. केसासारखी बारीक आणि प्लास्टरपुरतीच असलेली भेग रंगवताना बुजवता येते. तिरकी, रुंदावणारी किंवा कॉलम-बीमवरची भेग असेल, तर इंजिनिअरला बोलावावं आणि तोपर्यंत हिशेब मिटवू नये.